चेरोकी राष्ट्राची विश्वस्त : विल्मा मॅनकिलर

२०२२ साली अमेरिकेच्या टांकसाळीने कर्तृत्ववान स्त्रियांच्या स्मरणार्थ पाव डॉलरची नाणी काढली. पहिल्या वर्षी ज्या पाच स्त्रियांची निवड झाली, त्यांतील एकीच्या खांद्यांवर शाल आहे, नजर दूरवर लागलेली आहे आणि शेजारी सात टोकांचा तारा कोरलेला आहे. नाण्यावर तिचे नाव आणि पद इंग्रजीत आहे; पण ती ज्या राष्ट्राची प्रमुख होती त्या राष्ट्राचे नाव मात्र त्याच राष्ट्राच्या लिपीत उमटवलेले आहे. ज्या सरकारने एकेकाळी या समाजाला सैन्याच्या पहाऱ्यात घराबाहेर काढले, त्याच्याच चलनावर त्या समाजाची लिपी यावी, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही. त्यामागे एका समाजाची दीडशे वर्षांची कायदेशीर झुंज आहे आणि विल्मा मॅनकिलर या स्त्रीचे आयुष्य आहे.

वकिलीची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, वारशाने आलेली सत्ता नव्हती, धनही नव्हते. तरीही चेरोकी राष्ट्राच्या प्रमुखपदी निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. समाजाचा पैसा, समाजाची जमीन आणि समाजाचा न्याय समाजाच्याच हाती असावा, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता. संस्था, विश्वस्त मंडळे आणि सार्वजनिक निधी यांचा कारभार पिढ्यान् पिढ्या सांभाळणाऱ्या कुटुंबांना या चरित्रातील पुष्कळ गोष्टी ओळखीच्या वाटतील.

लिपी, घटना आणि अश्रूंची वाट

चेरोकी हा उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी समाज. आजचे जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना हा डोंगराळ प्रदेश ही त्यांची मूळ भूमी. या समाजात सात कुळे असत आणि कूळ आईकडून चालत येई. घर स्त्रीचे, शेत स्त्रीचे, आणि सभेतही स्त्रियांच्या शब्दाला वजन असे. अठराव्या शतकात नान्येही नावाच्या स्त्रीला या समाजाने अत्यंत मानाचे स्थान दिले होते आणि तह-वाटाघाटींच्या वेळी तिने आपले मत निर्भयपणे मांडल्याची नोंद आहे.

१८२१ च्या सुमारास सेक्वोया नावाच्या एका चांदीकाम करणाऱ्या कारागिराने चेरोकी भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हते. आपल्या बाराखडीप्रमाणे या लिपीतही एकेक चिन्ह एकेका अक्षराचा उच्चार दाखवते. सुमारे ८५ चिन्हांत सारी भाषा बसते. थोड्याच वर्षांत समाजातील असंख्य स्त्री-पुरुष लिहू-वाचू लागले. १८२७ मध्ये चेरोकींनी आपली लिखित राज्यघटना स्वीकारली आणि १८२८ मध्ये 'चेरोकी फिनिक्स' हे द्विभाषिक वृत्तपत्र सुरू केले.

जॉर्जिया राज्याला मात्र ही जमीन हवी होती. चेरोकींनी शस्त्रांऐवजी न्यायालयाचा मार्ग धरला. १८३१ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळनिवासी राष्ट्रांना देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे ठरवले आणि अमेरिकेशी त्यांचे नाते पालक व पाल्याच्या नात्यासारखे असल्याचे म्हटले. १८३२ च्या दुसऱ्या खटल्यात, चेरोकी भूमीवर जॉर्जियाचे कायदे लागू होत नाहीत, असा स्पष्ट निर्णय झाला. खटला जिंकला, जमीन मात्र गेली. १८३५ मध्ये समाजाच्या निर्वाचित नेतृत्वाला डावलून मूठभर लोकांशी करार करण्यात आला आणि त्याच्या आधारे १८३८-३९ मध्ये सुमारे १६ हजार चेरोकींना पश्चिमेकडे हाकलण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराईने वाटेत व छावण्यांत सुमारे चार हजार माणसे मरण पावली. इतिहासात या प्रवासाला 'अश्रूंची वाट' म्हणतात.

नव्या भूमीवर, आजच्या ओक्लाहोमात, या समाजाने पुन्हा पाया घातला. टालेक्वा ही राजधानी झाली, १८३९ मध्ये नवी घटना आली, १८४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची विटांची इमारत उभी राहिली, १८५१ मध्ये मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा उघडली. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरा घाव बसला. समाजाची सामाईक जमीन व्यक्तिगत तुकड्यांत वाटून टाकण्याचा कायदा झाला. १८९८ च्या कायद्याने त्यांची न्यायालये बंद करण्यात आली. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले. यानंतर अनेक दशके चेरोकी राष्ट्राचा प्रमुख अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष नेमत. कधी तर एखाद्या दस्तऐवजावर सही करण्यापुरता, एका दिवसासाठी प्रमुख नेमला जाई. पेढी आपली, पण चोपड्या दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ही अवस्था होती. १९७० च्या कायद्याने आपला प्रमुख निवडण्याचा अधिकार परत मिळाला आणि पुढे १९७५ च्या घटनेने नव्या कारभाराची चौकट ठरली.

मॅनकिलर फ्लॅट्स ते सान फ्रान्सिस्को

विल्मा यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९४५ रोजी टालेक्वा येथे झाला. वडील चार्ली मॅनकिलर चेरोकी होते. आईचे पूर्वज डच-आयरिश. अकरा भावंडांत विल्मा सहाव्या. जमीनवाटपात त्यांच्या आजोबांच्या वाट्याला आलेल्या १६० एकरांच्या तुकड्याला 'मॅनकिलर फ्लॅट्स' म्हणत. तेथील घरात वीज नव्हती, नळ नव्हता. पाणी झऱ्यावरून आणावे लागे.

आडनावाविषयी येथे सांगितले पाहिजे, कारण अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला ते खटकेल. इंग्रजीत त्याचा अर्थ मनुष्यघातक असा होतो. पण मुळात ती गावाच्या रक्षणाची जबाबदारी असलेल्या माणसाची चेरोकी पदवी होती. पुढे ती घराण्याचे नाव झाली. कोणी नावावरून छेडले तर, हे नाव आपण कमावले आहे, असे विल्मा गंभीर चेहऱ्याने सांगत आणि समोरच्याला गोंधळात टाकत.

१९५६ मध्ये, विल्मा अकरा वर्षांच्या होण्याच्या सुमारास, सरकारच्या स्थलांतर योजनेखाली हे कुटुंब सान फ्रान्सिस्कोला गेले. मूळनिवासींनी शहरांत जाऊन नोकऱ्या कराव्यात आणि सर्वसामान्य अमेरिकन जीवनात मिसळून जावे, हा योजनेचा उद्देश होता. प्रत्यक्षात झऱ्याकाठची मुले एका रात्रीत गजबजलेल्या वस्तीत येऊन पडली. टेलिफोन, लिफ्ट, रात्रभर वाजणारे भोंगे, सारेच अनोळखी. शाळेत हजेरीला आडनाव पुकारले की वर्ग हसे. आपल्या पूर्वजांच्या अश्रूंच्या वाटेशी विल्मा या प्रवासाची तुलना करीत. सैन्य बरोबर नव्हते, इतकाच काय तो फरक.

त्या शहरात त्यांना आधार मिळाला तो तेथील इंडियन सेंटरचा. निरनिराळ्या जमातींची कुटुंबे तेथे एकत्र येत. १९६३ मध्ये शालेय शिक्षण संपताच विल्मा यांचा विवाह झाला, दोन मुली झाल्या आणि गृहिणीचे आयुष्य सुरू झाले. नोव्हेंबर १९६९ मध्ये मूळनिवासी तरुणांनी सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील आल्कट्राझ बेटावर ताबा मिळवला. ओसाड पडलेल्या त्या तुरुंगाच्या बेटावर १९ महिने हे आंदोलन चालले. विल्मा यांची काही भावंडे तेथे राहिली. विल्मा किनाऱ्यावर राहून निधी जमवीत आणि मदत पोहोचवीत. या घटनेने त्यांच्या जीवनाची दिशा बदलली.

यानंतर उत्तर कॅलिफोर्नियातील पिट रिव्हर जमातीच्या जमिनीच्या लढ्यात त्यांनी सुमारे पाच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले. जमातीच्या पूर्वजांची जमीन एका मोठ्या वीज कंपनीच्या ताब्यात होती. त्या निमित्ताने त्यांनी करार वाचले, खटल्यांची कागदपत्रे चाळली, आंतरराष्ट्रीय कायद्यात राष्ट्र कशाला म्हणतात ते समजून घेतले. हीच त्यांची कायद्याची शाळा. जुना करार कपाटात धूळ खात पडला तरी तो करारच राहतो, हा धडा त्यांनी येथे घेतला. घरात मात्र ताण वाढत गेला. पतीला हे बाहेरचे काम रुचत नव्हते. विल्मा यांनी त्यांना न विचारता एक लहानशी लाल मोटार विकत घेतली आणि त्या सभांना जाऊ लागल्या. अखेर विवाह संपुष्टात आला. दोन मुलींना घेऊन त्या आपल्या आजोबांच्या भूमीकडे परतल्या.

मृत्यूच्या दारातून

१९७७ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या कार्यालयात त्यांना आर्थिक विकासाशी निगडित साधी नोकरी मिळाली. अनुदानासाठी नेमके आणि मुद्देसूद अर्ज लिहिण्याचे त्यांचे कसब लवकरच वरिष्ठांच्या लक्षात आले. नोकरी सांभाळून त्यांनी पदवी पूर्ण केली आणि अर्कान्सा विद्यापीठात समाजनियोजनाचे पुढील शिक्षण सुरू केले.

नोव्हेंबर १९७९ मध्ये एका वळणाच्या चढावर त्यांच्या मोटारीची समोरून येणाऱ्या मोटारीशी धडक झाली. समोरच्या गाडीत त्यांची जिवलग मैत्रीण होती. ती दगावली. विल्मा यांचा चेहरा आणि पाय चिरडले गेले. पाय कापावा लागेल अशी वेळ आली होती. एकामागून एक सतरा शस्त्रक्रिया झाल्या. मैत्रीण गेल्याचे त्यांना बऱ्याच काळाने सांगण्यात आले. त्या यातनेतून सावरतात तोच स्नायू दुर्बल करणारा मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा आजार जडला. हातातला कंगवा, पेन निसटू लागला. १९८० च्या अखेरीस त्यावरही शस्त्रक्रिया झाली.

या वर्षभराच्या अंथरुणाने त्यांना दिले ते एक वेगळेच बळ. चेरोकी वडीलधाऱ्या मंडळींची एक शिकवण होती : मन चांगल्या विचाराकडे वळवावे, दोषातून आणि दुःखातूनही उपयोगी पडेल ते उचलावे. विल्मा यांनी ती शिकवण अंगी बाणवली. मृत्यू एकदा जवळून पाहिल्यावर त्याचे भय गेले आणि भय गेल्यामुळे पुढे धमक्यांचेही काही वाटेनासे झाले, असे त्या सांगत.

बेल गावाचे श्रमदान

१९८१ मध्ये त्यांच्याकडे नव्याने स्थापन झालेल्या समाजविकास विभागाची सूत्रे आली. पहिले काम निघाले बेल नावाच्या खेड्याचे. काही शे वस्तीचे हे खेडे. बहुतेक घरांत चेरोकी बोलली जाई. अनेक घरांत नळ नव्हता, घरे मोडकळीस आली होती. बाहेरचे लोक म्हणत, ही माणसे आळशी आहेत, ती स्वतःसाठी बोटही हलवणार नाहीत.

विल्मा यांनी गावात आराखडा नेला नाही. त्यांनी सभा बोलावली. पहिल्या सभांना फार थोडे लोक आले. त्यांच्यासोबत चार्ली सोप हे चेरोकी भाषा अस्खलित बोलणारे सहकारी होते. ते घरोघर गेले. तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर उत्तर आले, पाणी. मग एक बोली ठरली : पाइप, साहित्य आणि तज्ज्ञ यांची व्यवस्था कार्यालय करील, खणणे आणि पाइप घालणे गावाने करायचे. सुमारे १६ मैलांच्या जलवाहिनीचे काम कुटुंबांनी आपसांत वाटून घेतले. खडकाळ जमीन, हाताला सवय नाही, आणि हे काम तडीस जाणार नाही अशी सर्वत्र भाकिते. परंतु वृद्ध, स्त्रिया, मुले असे सारे उतरले आणि जलवाहिनी पूर्ण झाली. घरांची दुरुस्तीही याच रीतीने झाली.

चेरोकी भाषेत या रीतीला 'गादुगी' म्हणतात. एखाद्याचे शेत, एखाद्या विधवेचे घर, एखाद्या आजाऱ्याचे पीक, साऱ्यांनी मिळून उभे करायचे आणि मोबदला मागायचा नाही. मराठीतील श्रमदान हा शब्द त्याच्या फार जवळ जातो. विल्मा यांनी ही लोप पावत चाललेली रीत आधुनिक नियोजनाला जोडली. दानाने पोट भरते. पण आपण स्वतः काही करू शकतो हा विश्वास गेला असेल तर तो दानाने परत येत नाही, हे त्यांनी बेलमध्ये पाहिले. पुढे २०१३ मध्ये या प्रसंगावर चित्रपटही निघाला. चार्ली सोप यांच्याशी १९८६ मध्ये त्यांचा विवाह झाला.

स्त्री म्हणून विरोध

१९८३ मध्ये तत्कालीन प्रमुख रॉस स्विमर यांनी उपप्रमुखपदासाठी विल्मा यांना उभे राहण्यास सांगितले. स्विमर पेशाने वकील आणि बँकर, रिपब्लिकन पक्षाचे, विल्मा डेमोक्रॅट. दोघांची मते जुळत नव्हती, पण बेलचे काम स्विमर यांनी पाहिले होते.

आपल्या धोरणांवर, खर्चावर, अनुभवावर प्रश्न येतील, अशी विल्मा यांची अपेक्षा होती. आला तो एकच आक्षेप : ही स्त्री आहे. स्त्रीला या पदावर बसवले तर राष्ट्राचे हसे होईल, असेही म्हटले गेले. मोटारीचे टायर फाडले गेले, प्रचाराचा फलक जाळला गेला, जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. विल्मा यांनी या आक्षेपाला फारसे उत्तरच दिले नाही; त्या घरोघर जाऊन पाणी, घरे, दवाखाने याविषयी बोलत राहिल्या. त्यांना ठाऊक होते की चेरोकी परंपरेत स्त्रीचे स्थान मोठे होते आणि तिला सभेबाहेर ठेवण्याची रीत युरोपीय सहवासातून आलेली होती. परंपरेच्या नावाने जे सांगितले जात होते ते परंपरेत नव्हतेच. फेरमतदानात त्यांच्यासमोर दुसरी एक स्त्रीच उमेदवार होती, हाही एक योग. विल्मा निवडून आल्या आणि १५ सदस्यांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांच्याकडे आले.

१९८५ मध्ये स्विमर यांची वॉशिंग्टनला इंडियन व्यवहार विभागाच्या प्रमुखपदी नेमणूक झाली आणि १४ डिसेंबर रोजी विल्मा यांनी चेरोकी राष्ट्राच्या प्रमुखपदाची शपथ घेतली. ही मुदत वारशाने आल्यासारखी होती. त्यामुळे १९८७ ची निवडणूक खरी कसोटीची ठरली. ऐन प्रचारात मूत्रपिंडाच्या आजाराने त्या रुग्णालयात होत्या. तरीही फेरमतदानात त्या जिंकल्या. १९९० मध्ये थोरल्या भावाने दिलेल्या मूत्रपिंडाचे रोपण झाले. १९९१ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा सुमारे ८३ टक्के मते त्यांना मिळाली. आता त्या स्त्री आहेत की पुरुष, हा विषय कोणी काढला नाही.

चोपड्या परत हातात

प्रमुख म्हणून त्यांनी केलेल्या कामाची यादी मोठी आहे : दवाखाने, लहान मुलांची केंद्रे, प्रौढांसाठी कामाचे शिक्षण, घरबांधणी, उद्योग. पण या साऱ्याच्या मुळाशी एक कायदेशीर पाऊल होते.

चेरोकींसाठी अमेरिकी सरकार जो पैसा देत असे तो उपकार म्हणून नव्हे; जमिनीच्या बदल्यात झालेल्या करारांचे ते देणे होते. परंतु हा पैसा कोठे, कसा, कोणत्या कामावर खर्चायचा, हे वॉशिंग्टनच्या विभागातील अधिकारी ठरवीत. पाल्याच्या मिळकतीचा हिशेब पालकाने ठेवावा आणि पाल्याला विचारूही नये, असा हा प्रकार होता. पाल्य वयात आला तरी पालकत्व सुटत नव्हते. १९८८ मध्ये अमेरिकी संसदेने काही जमातींसाठी स्वशासनाचा प्रयोग मान्य केला. त्याखाली १९९० मध्ये विल्मा यांनी जो करार केला, त्यानुसार कोट्यवधी डॉलरच्या निधीचे थेट नियंत्रण त्या विभागाकडून चेरोकी राष्ट्राकडे आले. कोणत्या गावाला दवाखाना हवा आणि कोणत्या गावाला रस्ता, हे आता टालेक्वात ठरू लागले.

पैसा आला की हिशेब, कर आणि न्याय यांची व्यवस्था लागते. विल्मा यांच्या काळात चेरोकी राष्ट्राची न्यायालये व पोलीस यंत्रणा यांना नव्याने बळ मिळाले आणि राष्ट्राचा स्वतःचा कर आयोग स्थापन झाला. ज्या समाजाची न्यायालये १८९८ मध्ये कुलूपबंद झाली होती, त्याच समाजातील वाद पुन्हा त्याच्या स्वतःच्या न्यायासनापुढे येऊ लागले.

१९९५ मध्ये त्यांनी पुन्हा उभे न राहण्याचा निर्णय घेतला. सत्ता हाती असताना ती सोडणे किती अवघड असते, हे सार्वजनिक संस्थांत वावरणाऱ्यांना सांगावे लागत नाही. त्यांच्यानंतर दोनच वर्षांत या संस्थांची कठोर परीक्षा झाली. १९९७ मध्ये नव्या प्रमुखांच्या कार्यालयातील आर्थिक कागदपत्रांची झडती राष्ट्राच्या पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशाने घेतली. प्रमुखांनी पोलिसांनाच बडतर्फ केले. न्यायाधीशांवर महाभियोग आणला गेला आणि न्यायालयाच्या इमारतीचा ताबा घेण्यात आला. या पेचातून १९९९ मध्ये घटना परिषद भरली, नवी घटना तयार झाली आणि २००३ मध्ये मतदारांनी तिला संमती दिली.

एक उणी बाजू

थोर व्यक्तीच्या चरित्रात फक्त गुण सांगणे हे अनेकान्ताच्या दृष्टीशी सुसंगत ठरणार नाही. चेरोकी इतिहासाला एक काळी किनार आहे. यादवी युद्धापूर्वी काही धनिक चेरोकी कुटुंबांकडे कृष्णवर्णीय गुलाम होते आणि अश्रूंच्या वाटेवर तेही ओढले गेले. १८६६ च्या करारान्वये त्यांना व त्यांच्या वंशजांना चेरोकींचे सर्व हक्क देण्याचे मान्य झाले. तरीही १९८३ च्या, म्हणजे विल्मा उपप्रमुख झाल्या त्याच निवडणुकीत, या वंशजांना मतदानापासून परत पाठवण्यात आले. १९९२ मध्ये परिषदेने चेरोकी रक्ताचा दाखला असलेल्यांनाच नागरिकत्व देणारा कायदा केला. त्यावर प्रमुख म्हणून विल्मा यांची सही आहे. पिट रिव्हरच्या लढ्यात करार पाळला जावा म्हणून झटलेल्या स्त्रीच्या हातून हे झाले.

ही चूक दुरुस्त करण्याचे पहिले पाऊल दुसऱ्या चेरोकी स्त्रीने उचलले. स्टेसी लीड्स या २००२ ते २००६ या काळात चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायपीठावरील पहिल्या स्त्री न्यायाधीश होत्या. मार्च २००६ मध्ये ल्युसी ॲलन यांच्या खटल्यात दोन विरुद्ध एक मताने लागलेला निर्णय त्यांनी लिहिला. घटनेत रक्ताची अट नाही, म्हणून परिषदेला ती कायद्याने घालता येत नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी मतदारांनी घटनादुरुस्ती करून त्या वंशजांना पुन्हा वगळले. त्याच वर्षी लीड्स प्रमुखपदासाठी उभ्या राहिल्या आणि पराभूत झाल्या. परंतु वाद तेथे थांबला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या संघीय न्यायालयाने १८६६ चा करार या वंशजांना हक्क देतो असा निर्णय दिला आणि २०२१ मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील रक्ताचा उल्लेखच काढून टाकला. लीड्स पुढे अर्कान्सा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकेत हे पद भूषवणाऱ्या त्या पहिल्या मूळनिवासी स्त्री.

आपल्यावर अन्याय झाला हे लक्षात ठेवणे सोपे असते. आपल्या हातून कोणावर झाला, हे कबूल करून त्याची भरपाई करणे कोणत्याही समाजाला जड जाते. चेरोकी राष्ट्राला ती कबुली द्यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पण शेवटी ती त्यांच्या स्वतःच्या न्यायालयाने दिली.

पुढे चाललेली वाट

पद सोडल्यावर विल्मा यांनी अध्यापन केले, लेखन केले, देशभर व्याख्याने दिली. १९९३ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले होते. त्यात स्वतःच्या जीवनाबरोबर समाजाचा इतिहासही आहे. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या हस्ते अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळाला. शरीराने मात्र साथ दिली नाही : कर्करोग दोनदा झाला, मूत्रपिंडाचे दुसरे रोपण करावे लागले. ६ एप्रिल २०१० रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या आपल्या आजोबांच्या भूमीवरच होत्या.

त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांची ओळ मात्र लांबत गेली. सारा हिल यांनी चेरोकी राष्ट्राच्या ॲटर्नी जनरल म्हणून काम केले आणि २०२३ मध्ये संघीय न्यायाधीशपदी त्यांची नियुक्ती मान्य झाली. किंबर्ली टीही यांना २०१९ मध्ये चेरोकी राष्ट्राने अमेरिकी संसदेतील आपली प्रतिनिधी म्हणून नामनिर्देशित केले. या नेमणुकीचा आधार कोणता? ज्या १८३५ च्या करारामुळे चेरोकींची भूमी गेली, त्याच करारात प्रतिनिधित्वाचे वचन आहे. दोन शतकांच्या उंबरठ्यावर त्या वचनाची हुंडी वटवून मागण्यात येत आहे.

संस्थेचे बळ तिच्या इमारतीत नसते, ठेवींतही नसते. ज्यांच्यासाठी ती आहे त्यांना ती आपली वाटते की नाही, यावर ते ठरते. विल्मा मॅनकिलर बेल गावात गेल्या तेव्हा त्यांनी लोकांना विचारले आणि मग कुदळ त्यांच्याच हाती दिली. पुढे तेच त्यांनी राष्ट्राच्या निधीचे आणि न्यायाचे केले. विश्वस्ताने ठेव सांभाळावी, वाढवावी आणि वेळ येताच ज्याची त्याच्या स्वाधीन करावी, इतकाच या धर्माचा अर्थ आहे. तो अर्थ सान फ्रान्सिस्कोच्या एका गृहिणीने जाणला आणि आपल्या समाजाला परत समजावून दिला.